लिनक्स नवीन आहे? मशीन सुरू करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून लिनक्सचा लॅपटॉप, छोटा सर्व्हर किंवा रास्पबेरी पाय नेला की सुरुवातीला येणारे फोन बहुतेक ठरलेल्या प्रश्नांचे असतात. त्यांची उत्तरं इथे आहेत. पत्रक हाताशी ठेवा.

पासवर्ड टाइपच होत नाही!

होतोय, फक्त दिसत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो'ची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी कमांड दिली की पासवर्ड विचारला जातो, पण बऱ्याच मशीनवर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड ठीक आहे. रोजच्या लॉगिनचा पासवर्ड टाइप करून एंटर दाबा.

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं?

विंडोजची सवय असलेला माणूस आधी ब्राउझर उघडतो आणि 'डॉट ईएक्सई' फाइल उतरवतो. ती इथे थेट चालत नाही. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने काही प्रोग्रॅम चालतात, पण सगळे नाही. मेनूतलं सॉफ्टवेअर सेंटर उघडा आणि तिथे शोधा. तिथून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे अपडेट सिस्टिमच्या अपडेटबरोबर येतात, एकेकाच्या मागे लागावं लागत नाही. ऑफिसच्या कामाला लिबर ऑफिस पुरतं. फक्त वर्डची फाइल समोरच्याला पाठवण्याआधी मांडणी हलली नाही ना, ते बघून घ्या.

अपडेट केलं, तरी जुनंच कसं?

उबुंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर 'एपीटी अपडेट' ही कमांड फक्त नवीन पॅकेजची यादी आणतं. प्रत्यक्ष बदल 'एपीटी अपग्रेड' करतं. दोन्ही द्यायचे, याच क्रमाने. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला असेल तर मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय नवा कर्नल चालू होत नाही. कामाच्या मशीनवर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्तीच ठेवा. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्तीमागे धावण्यात आम्हाला तरी शहाणपण वाटत नाही.

'परमिशन डिनाइड' आलं, आता?

इथे थांबा. इंटरनेटवर हमखास सापडणारा उपाय म्हणजे 'सीएचमॉड ७७७', म्हणजे कोणालाही वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा. हाच उपाय सुडो लावून मुळापासून सगळ्या फोल्डरांवर चालवला, की सुडो स्वतःच काम करायला नकार देतं, कारण प्रशासकाच्या अधिकाराने चालण्यासाठी त्याच्या फाइलवर असलेली खास खूण पुसली जाते. एसएसएचची (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायच्या सोयीची) खासगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, कोणालाही वाचता येईल अशी झाल्याने तीही नाकारली जाते. मग बहुतेक वेळा सिस्टिम नव्याने टाकणंच सोपं पडतं. आधी फाइल कोणाच्या नावावर आहे ते बघा. दहापैकी नऊदा घोळ मालकीचा असतो. आणि समजली नाही ती कमांड पेस्ट करू नका. विशेषतः 'आरएम' या फाइल पुसणाऱ्या कमांडने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते.

रॅम भरलेली दिसते!

'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल'चा आकडा बघा. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेसाठी, म्हणजे त्या पटकन मिळाव्यात म्हणून तात्पुरत्या साठवायला वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं.

विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही

विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. पेन ड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' विसरू नका. कॉपी झाल्याचं दिसलं, तरी शेवटचा भाग अजून लिहिला जात असू शकतो.

दुरून मशीन सांभाळायचं असेल तर

एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ली वापरा. किल्लीने लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच पासवर्डचं लॉगिन बंद करा, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. चालू खिडकी तोवर बंद करू नका.

आम्हाला फोन करण्याआधी एररच्या पूर्ण मजकुराचा फोटो काढा आणि त्याआधी नेमकं काय केलं होतं ते लिहून ठेवा. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल आणि पासफ्रेज हरवली, तर डेटा आम्हालाही उघडता येत नाही.