किनाऱ्यावरची बाग आणि सहरचना (ऑकलंड)

सहरचना म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांसाठी बाग किंवा चौक बांधताना तिथल्या मूळ लोकांना पहिल्या बैठकीपासून डिझाइनमध्ये घेणं. नुसता सल्ला घेणं वेगळं, त्यात नकाशा आधीच तयार असतो, मग "तुमचं काही म्हणणं आहे का" असं विचारतात, फार तर एखादं नाव मागतात आणि उद्घाटनाला प्रार्थना म्हणायला बोलावतात. बऱ्याच ठिकाणी यालाच सहरचना म्हणून खपवतात हेही खरंय.

याचं नीट बघण्यासारखं उदाहरण न्यूझीलंडमधलं ऑकलंड. तिथे ज्या माओरी (म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या) जमातींचा एखाद्या जागेवर पिढीजात हक्क असतो त्यांना माना फेनुआ म्हणतात, आणि ऑकलंड कौन्सिल अशा १९ जमातींना मान्यता देतं. १८४० मध्ये न्गाती फातुआ जमातीने ब्रिटिश गव्हर्नर हॉब्सनला जमीन दिली आणि तिच्यावर हे शहर उभं राहिलं. नंतर समुद्रात भराव टाकत टाकत किनारा इतका पुढे ढकलला की आजची फोर्ट स्ट्रीट, जी पूर्वी अगदी पाण्याला लागून होती, ती आता चांगलीच आत शहरात आहे. भरावाखाली नुसतं पाणी गेलं नाही, शिंपले गोळा करायच्या आणि होड्या लावायच्या जागाही गेल्या. २००४ मध्ये किनारपट्टी आणि समुद्रतळ सरकारच्या मालकीचा ठरवणारा कायदा येऊ घातला तेव्हा माओरींचा प्रचंड मोर्चा निघाला, तरी कायदा झालाच, २०११ मध्ये तो कायदा रद्द होऊन नवा आला. त्यामुळे तिथे किनाऱ्यावर काही बांधायचं म्हटलं की तो फक्त बागेचा विषय राहत नाही.

डिझाइनसाठी तिथे 'ते आरांगा' नावाची सात तत्त्वं वापरतात. त्यात जुनी नावं परत आणणं आहे, कलाकारांना काम देणं आहे, निसर्ग सांभाळणं आहे, पण सगळ्यात वेगळं तत्त्व मौरीचं, म्हणजे पाण्याची, जमिनीची स्वतःची जीवनशक्ती परत यावी हे. इंजिनिअरच्या भाषेत पाण्याची गुणवत्ता म्हणा, पण पूर्ण तेच नाही.

हे 'ते वानांगा' नावाच्या चौकात डोळ्यांनी दिसतं. २०२१ मध्ये खुला झालेला हा चौक फेरी बोटींच्या धक्क्याजवळ खांबांवर उभारलाय, वर पोहुतुकावाची झाडं, आणि फरशीत मोठमोठी भोकं ठेवलीयत ज्यातून खाली हलणारं पाणी दिसतं. त्या पाण्यात कुकु म्हणजे हिरव्या शिंपल्यांसाठी दोर सोडलेत, तेही प्लास्टिकचे नाहीत, माओरी विणकरांनी झाडांच्या धाग्यांपासून विणलेले. मोठा शिंपला दिवसाला शेकडो लिटर पाणी गाळतो. बाहेरच्या हाउराकी आखातात एकेकाळी साधारण ५०० चौ. किमी. शिंपल्यांचे थर होते, ते खरवडून काढण्याच्या मासेमारीत १९६० च्या दशकाअखेर जवळपास संपले. दोरांनी आखात साफ होणार नाही हे उघड आहे, पण गेलेली गोष्ट नेमकी काय होती ते वरून चालणाऱ्याला कळतं.

पुढचं मोठं काम ऑकलंडच्याच किनाऱ्यावरच्या विनयार्ड पॉइंटवर, त्याचं नाव 'ते आरा तुकुतुकु'. ही भरावाची सुमारे ५ हेक्टर जागा, वर्षानुवर्षं तिथे इंधनाच्या आणि केमिकलच्या टाक्या होत्या, त्यामुळे माती दूषित, सरळ खणून झाडं लावता येत नाहीत आणि त्यात समुद्राची पातळी वाढतेय. नाव माना फेनुआंनी दिलंय. तुकुतुकु म्हणजे माओरी सभागृहाच्या भिंतीवरची विणलेली जाळी, ती विणताना परंपरेने एक जण पुढे बसतो, एक मागे, आणि धागा जाळीतून एकमेकांकडे देत राहतात, पलीकडच्याने ओढला नाही तर टाका बसतच नाही.

अडचणी आहेतच. वेळ जास्त जातो, १९ जमातींचं एकाच जागेबद्दल एकच म्हणणं असेल असं नाही, आणि शहरात प्रोजेक्ट इतके की त्याच मोजक्या माणसांना सगळीकडच्या बैठकांना बसावं लागतं, म्हणून त्यांच्या वेळेचे पैसे आर्किटेक्टच्या फीसारखे बजेटमध्ये आधीच धरावे लागतात.