जुनं जंगल तोडून नवं लावलं की कार्बनचा हिशेब फिटतो का?

म्हातारी झाडं कार्बन शोषत नाहीत, ती तोडून रोपं लावली की हवामानाचं भलंच होतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे आणि म्हणूनच घातक.

फिनलंडचंच बघा. देशाचा सुमारे ७५ टक्के भूभाग जंगलाखाली. स्प्रूस-पाइन या सूचिपर्णी झाडांच्या या जंगलांतला बराचसा कार्बन खोडांत नसून जमिनीत असतो. सरसकट तोड झाली की उघड्या मातीवर ऊन पडतं, मागे राहिलेली मुळं आणि फांद्या कुजू लागतात. वीतभर रोपं त्याची भरपाई कशी करणार? अशी जागा बहुधा दहा-वीस वर्षं शोषते त्याहून जास्त कार्बन हवेत सोडते.

लाकूड घराच्या तुळईत गेलं तर कार्बन कित्येक दशकं टिकतो. कागद-पुठ्ठा झाला तर काही वर्षांतच परत हवेत.

२०२१ मध्ये तर फिनलंडचं जमीनवापर क्षेत्रच (जंगलं, शेती, पाणथळ जमिनी मिळून) कार्बन शोषणारं न राहता सोडणारं झालं. भरमसाट तोड, झाडांची मंदावलेली वाढ, शिवाय चर खणून कोरड्या केलेल्या पीट जमिनी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदली.

लाकूड वापरूच नये, असं मुळीच नाही. झाडं जास्त वर्षं उभी ठेवावीत, पीट जमिनीवर तरी सरसकट तोडीऐवजी निवडक तोड करावी.