मेंढ्या वळणारा कुत्रा स्पर्धेत उतरवताना

मेंढ्या वळण्याच्या स्पर्धेत कुत्रा मालकाचे किती ऐकतो हे पाहिले जाते, असे प्रथमच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तेथे कस लागतो तो आवर घातलेल्या शिकारीचा. लांडगा सावज हेरतो, त्यावर नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो आणि शेवटी चावा घेतो. बॉर्डर कॉली या जातीत पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे यातले नजर रोखणे आणि दबकणे ठळक झाले, तर चावा मागे पडला. आपल्याकडील धनगरांचे कुत्रे लांडग्यापासून कळपाची राखण करतात, त्यामुळे मेंढ्यांवर असा डोळा ठेवणारा कुत्रा धनगराला बहुधा नकोसाच वाटेल.

मेंढीच्या बाजूचे विज्ञानही समजून घ्यावे लागते. संकट दिसताच प्रत्येक मेंढी इतरांच्या आड जाऊ पाहते, ही कल्पना उत्क्रांतीचे अभ्यासक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये मांडली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या अंगावर जीपीएस यंत्रे बांधली होती, आणि कुत्रा जवळ येताच मेंढ्या कळपाच्या मध्याकडे सरकतात असे त्यात दिसले. मात्र कुत्रा फार जवळ आला तर मेंढ्या उधळतात किंवा उलट फिरून त्याच्यासमोर पाय रोवतात.

म्हणून शिकवण्याची सुरुवात छोट्या कुंपणात, कुत्र्यांना सरावलेल्या मोजक्या मेंढ्यांवर करतात. कुत्रा साधारण वर्षाचा झालेला असावा, कारण त्याआधी त्याचे सांधे आणि त्याचे मन दोन्ही कच्चे असतात. उपजत कल असलेला कुत्रा मेंढ्यांना वळसा घालून मालकाच्या बरोबर समोर, कळपाच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. मालक डावीकडे सरकला की तोही आपली जागा बदलतो, आणि मालक मागे चालू लागला की मेंढ्या आपोआप त्याच्यामागे येतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाण्यासाठी ‘कम बाय’ आणि उलट दिशेसाठी ‘अवे’ हे शब्द कुत्रा आधीच त्या बाजूला निघालेला असताना उच्चारणे सोपे पडते.

ब्रिटनमधील पहिली नोंदलेली स्पर्धा १८७३ मध्ये वेल्समधील बाला येथे झाली. ब्रिटनमधील राष्ट्रीय पातळीवरील प्रचलित गुणरचनेत दूरवर वळसा घेण्यास २०, मेंढ्या जागच्या हलवण्यास १०, मालकाकडे आणण्यास २०, हाकत नेण्यास ३०, वाड्यात कोंडण्यास १० आणि कळपातून काही मेंढ्या वेगळ्या काढण्यास १० गुण असतात. परीक्षक चुकांगणिक गुण कापतो. माझ्या मते सर्वांत बोलका क्षण मेंढ्या जागच्या हलवण्याचा. माना वर करून त्या कुत्र्याकडे पाहत असतात, तो पोट जमिनीजवळ ठेवून एखादे पाऊल टाकतो, थांबतो. त्या शांतपणे वळून चालू लागल्या तर उरलेली फेरी निम्मी सोपी होते, आणि दचकून पळाल्या तर शेवटपर्यंत बिथरलेल्याच राहतात.

हाकत नेणे मात्र कुत्र्याच्या मूळ कलाच्या विरुद्ध आहे, कारण तेथे मेंढ्या मालकापासून दूर न्यायच्या असतात. ते शिकायला बराच काळ लागतो. त्यामुळे नवशिक्यांच्या गटांत पुष्कळ ठिकाणी हा भाग छोटा ठेवतात किंवा वगळतात. विनाकारण चावा घेतल्यास फेरी तेथेच संपते. मेंढ्या फार बिथरल्या तर फेरी अर्ध्यावर सोडण्याचा मार्ग मालकाला खुला असतो, आणि जाणकारांत त्याला कमीपणा मानत नाहीत.