पन्नास वावांखालचा किनारा

१८७० च्या दशकात मुंबईच्या प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू होतं, तेव्हा चिखलाखाली लाकूड लागलं. एखाददुसरा ओंडका नव्हे, ३८२ झाडं मोजली गेली. त्यांतली २२३ उभीच होती, मुळं खालच्या मातीत रुजलेली. लाकूड ओळखलं गेलं ते खैराचं, आणि ज्याच्या गाभ्यापासून कात काढतात तो खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे भरतीच्या पाण्याखालची ही जागा कधीकाळी कोरडी रानजमीन होती. जमीन खचली की समुद्र चढला यावर तर्क लढवता येत होते, पण हे घडलं कधी, हे सांगायला त्या काळी काहीच साधन नव्हतं.

ते साधन आलं १९४९ मध्ये. शिकागोला विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारावरून वय काढून दाखवलं. झाड किंवा शिंपला जिवंत असेपर्यंत त्यात हा कार्बन भरत राहतो. जीव गेला की भर थांबते आणि दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो. उरलेला मोजला की काळ कळतो. लिबींना १९६० मध्ये नोबेल मिळालं. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा उभी राहिली आणि आपल्या किनाऱ्याचे नमुने घराजवळ मोजता येऊ लागले.

१९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातल्या दोना पावला इथल्या या संस्थेतल्या आर. आर. नायर, एन. एच. हाशिमी आणि इतरांनी पश्चिम किनाऱ्यापुढच्या भूखंडमंचावरचा, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरलेल्या जमिनीच्या उथळ कडेवरचा, गाळ वर काढून तपासला. मुंबईच्या पश्चिमेला, खूप आत, समुद्रतळाचा एक विस्तीर्ण सपाट भाग आहे. नकाशांवर त्याचं नाव ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’, म्हणजे पन्नास वाव, सुमारे ९१ मीटर खोल. तिथे आजच्या नद्यांचा मऊ चिखल नव्हे, तर चुन्याचे गोल दाणे मिळाले.

या दाण्यांना ऊइड म्हणतात. दाणा खसखशीएवढा. कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मधे वाळूचा कण किंवा शिंपल्याची कपची दिसते आणि तिच्याभोवती एकावर एक चढलेली चुन्याची पुटं. अशी पुटं चढायला दाणा सतत लोळत राहावा लागतो, तोही उबदार, नितळ आणि जेमतेम काही मीटर खोल पाण्यात. आज हे बहामा बेटांभोवती आणि पर्शियन आखातात घडताना दिसतं. या दाण्यांची आणि ते एकमेकांना चिकटून बनलेल्या खडकाची वयं साधारण ९,००० ते ११,००० वर्षं निघाली. पाणी नितळ, म्हणजे नद्या गाळ कमी आणत होत्या, म्हणजे पाऊसही कमी असावा, असा अर्थ नायर आणि हाशिमींनी लावला. खसखशीएवढ्या दाण्यातून किनाऱ्याची जागा आणि त्या काळचं हवामान दोन्हींचा माग काढता यावा, हे मला या संशोधनातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पण आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे शिंपल्याचं वय सरासरी ४०० वर्षांनी जास्त दिसतं. ते वजा करावं लागतं, आणि ही वजावट प्रत्येक समुद्रात सारखी नसते. ऊइडची पुटं शेकडो वर्षं चढत राहतात, तेव्हा अख्ख्या दाण्याचं वय ही सरासरीच. शिवाय सुटा दाणा किंवा शिंपला लाटांबरोबर वाहून दुसरीकडे पडलेला असू शकतो. मुळांवर उभ्या असलेल्या झाडाबद्दल ही शंका येत नाही, म्हणून गोदीतल्या त्या खैरांचा पुरावा माझ्या मते आजही वजनदार आहे.

अशा अनेक वयांची जुळणी करून हाशिमी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रपातळीचा आलेख मांडला. १४,५०० वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होतं, १२,५०० वर्षांपूर्वी ८० मीटर. पुढे बराच काळ ते जवळपास तिथेच थांबलं. मग १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात हजार वर्षांत सुमारे २० मीटर, म्हणजे शतकात २ मीटर, या वेगाने चढलं. मुंबईपुढचा भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आणि अगदी मंद उताराचा. तिथे पाणी २ मीटर चढलं की किनारा काही किलोमीटर आत सरकतो. त्या काळी किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सरकणं आपल्या एका हयातीत डोळ्यांनी दिसलं असणार.