ग्रीक खोरोफिलाकी

ग्रीसमधील निमलष्करी पोलीस दल (१८३३–१९८४). स्वातंत्र्ययुद्धानंतर अल्पवयीन ऑटो राजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या बव्हेरियन राजप्रतिनिधिमंडळाने ते नाफ्प्लियो येथे उभारले. स्थापनेच्या हुकुमाची तारीख काही ठिकाणी २० मे, तर काही ठिकाणी १ जून १८३३ अशी आढळते. ग्रीसमध्ये तेव्हा ज्युलियन पंचांग चालू होते व ते आजच्या ग्रेगोरियन पंचांगापेक्षा बारा दिवस मागे असे; म्हणजे दोन्ही तारखांचा दिवस एकच.

दलाच्या पूर्वपीठिकेविषयी मतभेद आहेत. ऑटोमन अमलात डोंगराळ मुलखातील खिंडी राखण्यासाठी स्थानिक ख्रिस्ती शस्त्रधाऱ्यांच्या तुकड्या नेमल्या जात. त्यांना आर्मातोली म्हणत. अशी पहिली नेमणूक दुसऱ्या मुरादच्या कारकीर्दीत, म्हणजे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आग्राफा भागात झाली असे परंपरा सांगते. काही अभ्यासक तिचे मूळ बायझंटिन सीमारक्षकांपर्यंत, तर काही व्हेनिसच्या व्यवस्थेपर्यंत नेतात. क्लेफ्ट (डोंगरी लुटारू) आणि आर्मातोली यांच्यातील सीमारेषा पुसटच होती. नेमणूक गेलेला आर्मातोली लुटीकडे वळे आणि डोईजड झालेल्या क्लेफ्टलाच सरकार राखणीला ठेवी. म्हणून खोरोफिलाकीला आर्मातोलींची थेट वारस मानण्यापेक्षा, फ्रेंच जँदार्मरीचा (लष्करी धर्तीच्या पोलीस दलाचा) साचा घेऊन त्यांच्याच मुलखात बसवलेली संस्था मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिस्तीपुरते दल लष्कराकडे व बंदोबस्तापुरते गृहखात्याकडे, ही दुहेरी रचना फ्रेंचच होय. पहिला प्रमुख फ्रांस्वा ग्रायार हाही फ्रेंच होता.

युद्धकाळात, १८२२ च्या एपिडाव्ह्रोस येथील हंगामी घटनेनुसार, पोलीस खाते निर्माण झाले होते; मात्र खरी सत्ता कप्तानांच्या (स्थानिक सशस्त्र टोळ्यांच्या नायकांच्या) हाती राहिली. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याच्या राजवटीत सेनानी माक्रियानिस याच्याकडे पेलोपोनीझमधील बंदोबस्त सोपवण्यात आला. त्याचे ठाणे आर्गोसला होते आणि आपल्या प्रसिद्ध आठवणी त्याने १८२९ मध्ये तेथेच लिहायला घेतल्या.

मार्च १८३३ मध्ये अनियमित फौजा बरखास्त झाल्या. युरोपीय गणवेश व कवायत पसंत नसलेले अनेक जण सरहद्दीपलीकडे गेले किंवा लुटीला लागले. नव्या दलात त्यांच्यापैकी काहींना सामावून घेण्यात आले, म्हणजे कालच्या सोबत्यांचाच पाठलाग त्यांच्या वाट्याला आला. सप्टेंबर १८४३ मध्ये ऑटोकडून राज्यघटना मिळवण्यासाठी झालेल्या उठावाच्या रात्री याच दलाच्या शिपायांनी उठावाच्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या माक्रियानिसच्या अथेन्समधील घराला वेढा घातला होता.

क्रीटमध्ये इटालियन काराबिनिएरींच्या (इटलीच्या लष्करी पोलिसांच्या) देखरेखीखाली घडलेले वेगळे दल क्रीट ग्रीसमध्ये विलीन झाल्यानंतर खोरोफिलाकीत आले. १९२१ पासून कॉर्फू, पात्रास, पिरिअस व अथेन्स येथे क्रमाने ब्रिटिश धर्तीचे शहर पोलीस दल सुरू झाले. १९८४ मध्ये दोन्ही दले विलीन करून सध्याचे ग्रीक पोलीस दल स्थापन झाले.