खानापुरात नवी साइट, शहापुरात जुनी

मामांचं बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान आहे. त्यांची साइट मी एका सर्व्हरवरनं दुसऱ्या सर्व्हरवर नेली आणि संध्याकाळी फोन आला, "काय केलास रे? खानापूरची मावशी म्हणायलीय नव्या साड्या दिसायल्यात, इथं दुकानात अजून तेच जुनं पान." मी म्हटलं, मामा थांबा की, उद्यापर्यंत येतंय.

असं झालं की सगळे सांगतात की बदल जगभर पसरायला वेळ लागतो. मीही आधी तेच सांगायचो. पण खरं बघायला गेलं तर काहीच पसरत नाही.

सर्व्हरला ओळख असते ती आकड्यांची, २०३.०.११३.२५ असली. हे आकडे कोण पाठ करणार, म्हणून नाव. १९८३ च्या आधी नेटवर्कमधल्या सगळ्या मशिनांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असायचे आणि ज्याला पाहिजे तो ती उतरवून घ्यायचा, पुढं मशिनं वाढली, फाइल आवरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस या संगणकतज्ज्ञांनी डीएनएस काढलं, म्हणजे नावावरनं आकडा शोधायची व्यवस्था. त्यात सगळी माहिती एकाकडे नाहीच. तुमचा मोबाइल इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आकडा शोधून आणणाऱ्या मशिनला विचारतो, तो आधी रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्याला विचारतो (त्यांची नावं १३च, पण मशिनं जगभर हजाराच्या वर), रूट म्हणतो मला माहीत नाही, डॉट कॉमवाल्यांकडे जा, ते म्हणतात या नावाच्या नोंदी ठेवणारा नेमसर्व्हर अमुक आहे त्याला विचार, आणि तिथं शेवटी ए रेकॉर्ड मिळतो, म्हणजे या नावाचा हा आकडा. आयपीव्ही६ ह्या नव्या पद्धतीचा लांबलचक आकडा असला तर त्याचा रेकॉर्ड वेगळा, चार ए वाला.

एवढी पायपीट दर वेळी कोण करणार? म्हणून रिझॉल्व्हर उत्तर लक्षात ठेवतो, आणि किती वेळ ठेवायचं ते रेकॉर्डवरच सेकंदात लिहिलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात. मामांच्या रेकॉर्डवर होतं ८६४००, म्हणजे अख्खा दिवस. दुकानातल्या वायफायच्या कंपनीनं सकाळीच उत्तर आणून ठेवलेलं, मावशीच्या मोबाइल कंपनीला ते संध्याकाळी पहिल्यांदाच विचारावं लागलं. म्हणून मावशीला ताजं आणि मामांना शिळं. आता आपल्या बेळगावचंच बघा, २०१४ च्या १ नोव्हेंबरला कागदावर बेळगावी झालं, तरी रेल्वेचा कोड बीजीएमच, आणि आमच्या घरात तर बेळगाव ह्या नावाचा टीटीएल कधी संपेल असं वाटत नाही.

चूक माझी होती. आकडा बदलायच्या आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवायचा असतो, जुने ८६४०० सेकंद संपू द्यायचे आणि मग आकडा बदलायचा, म्हणजे शिळं उत्तर जास्तीत जास्त पाच मिनिटं टिकतंय. बदलताना कमी करून उपयोग नाही, कारण ज्यांनी आधीच उत्तर घेतलंय त्यांच्याकडे जुनाच टीटीएल चालू असतो. आणि जुना सर्व्हर दोन दिवस तरी बंद करू नका. मी बंद केला नव्हता म्हणून मामांना निदान जुनं पान तरी दिसत होतं, नाहीतर नुसतं एरर.

नेमसर्व्हरच बदलला तर आणखी थांबावं लागतं, कारण डॉट कॉमवाल्यांकडच्या त्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो. ४८ तास थांबा म्हणतात ते इथनंच आलंय.

तेही मी एकदा केलेलं. नव्या जागी ए रेकॉर्ड लिहिला, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम लिहिला, म्हणजे हे नाव त्या नावाचंच दुसरं नाव. साइट झक्क चालली. चार दिवसांनी मामा म्हणाले, "ऑर्डरीचं एक मेल नाही रे." मेल कुठं पोचवायचं ते एमएक्स रेकॉर्ड सांगतो, आणि तो मी जुन्या नेमसर्व्हरवरच विसरून आलो होतो.