एबी रोडचा फलाट: इंदूरमधल्या सुगम रचनेची पार्श्वभूमी

एबी रोडवरचा (आग्रा-मुंबई रस्त्यावरचा) बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला वेगळा मार्ग, उखडायचं ठरलं तेव्हा इंदुरात जी चर्चा झाली ती कोंडीची, रेलिंगवर आदळणाऱ्या गाड्यांची आणि उड्डाणपुलांची. त्या मार्गावर बसचा तळ आणि थांब्याचा फलाट एका पातळीत होते आणि शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही बसला ती सोय नव्हती. ही बाब त्या चर्चेत आली तरी शेपटासारखी आली. या टिपणाचा विषय ती पातळी आहे. बस, रॅम्प, काठी, संगणक यांना अपंग माणसाच्या बाजूने पाहण्याची पद्धत आपल्याकडे कशी आली आणि इंदूरपर्यंत येता येता तिचं काय झालं, एवढंच इथे सांगायचं आहे.

जुन्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंदूरच्या रामबागेतले, नारायणबागेतले वाडे ओट्यावर चढून आणि उंबरठा ओलांडून आत जायचे होते. ज्याला ते जमत नसे तो घरात राहायचा किंवा त्याला कुणीतरी उचलून न्यायचं. होळकर दरबारासाठी एका स्कॉटिश नगररचनाकाराने 1918मध्ये शहराचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. त्याचा भर प्लेग, मोऱ्या आणि नदीकाठ यांवर होता. शहर आधी पायी फिरून बघावं, हा त्या गृहस्थांचा आग्रह पुढच्या अनेकांनी सोडून दिला, हा भाग वेगळा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशकं साधनांची होती. जयपूरला 1968च्या सुमारास एक कारागीर आणि एक अस्थिशल्यचिकित्सक यांनी मिळून रबरी पाऊल घडवलं. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचा आणि खुर्चीवर बसायचा होता. जयपूरच्या पायाने अनवाणी चालता येत होतं, उकिडवं बसता येत होतं, शेतातल्या चिखलात उतरता येत होतं. पुढे ज्याला सर्वांसाठीची रचना म्हटलं गेलं त्यातला अर्धा विचार या रबराच्या तुकड्यात आधीच होता, असं माझं मत आहे. कानपूरला 1972मध्ये कृत्रिम अवयव बनवणारा सरकारी कारखाना निघाला आणि 1981पासून साधनं वाटण्याची केंद्रीय योजना सुरू झाली. कॅलिपर, कुबड्या, श्रवणयंत्रं, हाताने फिरवायची तीनचाकी. शिबिर, हार, रांगेत उभ्या केलेल्या ट्रायसिकली आणि फोटो, हे दृश्य माळव्यातल्या कुठल्याही तालुक्याने पाहिलेलं आहे. त्या ट्रायसिकलीवर बसून माणूस पोस्टात गेला तर पोस्टाच्या पायऱ्या तशाच होत्या. साधन द्यायचं खातं एक आणि पायरी बांधायचं खातं दुसरं. ही फाळणी आजही पुरती मिटलेली नाही.

ब्रेलचा प्रवास थोडा वेगळा. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल 1951मध्ये ठरली, त्यामुळे मराठी आणि हिंदीला तीच टिंबं मिळाली. तिच्यात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराआधी न येता उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. पाय मोडल्याची खूण मात्र व्यंजनाच्या आधी. पुढे संगणक आला तेव्हा भारतीय भाषांची इतकी सुटसुटीत व्यवस्था कुणी केली नाही. एका बाजूला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आले. त्यातला मोफत मिळणारा एनव्हीडीए 2006मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने लिहायला घेतला. दुसऱ्या बाजूला आपली कार्यालयं आणि छापखाने कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांतच टाइप करत राहिले. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. डोळस माणसाला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर जे साठवलेलं असतं तेच वाचतो, म्हणून सरकारी परिपत्रक उघडलं की कानात निरर्थक अक्षरांचा भडिमार सुरू होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991पासून आहे. माझ्या ओळखीच्या एका अंध शिक्षकांना बदलीचा आदेश शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. आदेश संगणकावरच होता आणि संगणक त्यांच्या टेबलावरच होता.

आता कायदा. अपंगांच्या हक्कांसाठीच्या 1995च्या कायद्यात रॅम्प, ध्वनी-सिग्नल, फुटपाथच्या कडेचा उतार हे सगळं होतं. त्याआधी एक कळीचं वाक्यही होतं: सरकारी यंत्रणांनी हे आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत करावं. क्षमता किती ते यंत्रणेनेच ठरवायचं. जानेवारी 2001मध्ये व्हीलचेअर वापरणारे एक जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ दिल्लीला आले, तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी घाईघाईने लाकडी रॅम्प टाकले गेले. पाहुणा मोठा असला की क्षमता एका आठवड्यात वाढते, एवढं त्यातून देशाला कळलं.

त्याच सुमारास ‘सर्वांसाठीची रचना’ ही कल्पना आपल्याकडे रुजत होती. हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या एका वास्तुविशारदाने 1985मध्ये रूढ केला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांच्या पुढाकाराने 1997मध्ये सात तत्त्वं मांडली गेली. अहमदाबादेत 2011मध्ये त्यांना भारतीय पर्याय तयार झाला, तोही पाच ‘स’चा: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता, सुंदर. ‘सस्ता’ हा शब्द अमेरिकन यादीत नव्हता आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपंगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्याने या रचनेची व्याख्या केली: वेगळा फेरफार न करता शक्य तितक्या सर्वांना वापरता येईल अशी वस्तूंची, परिसराची, कार्यक्रमांची आणि सेवांची रचना. त्यात सहायक साधनंही येतात, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे 1981पासून वेगळी पडलेली दोन खाती कागदावर तरी एका वाक्यात आली.

शब्दांचाही एक गुंता आहे, तो इथे थोडक्यात. इंदूरचा मराठी माणूस घरात ‘अपंग’ म्हणतो, राज्याच्या कागदावर बरीच वर्षं ‘निःशक्तजन’ वाचत आला आणि 2015च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ ऐकतो. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने 2019मध्ये भारताबद्दलच्या निष्कर्षांत हा तिसरा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. शक्ती नाही म्हणणारा शब्द जाऊन देवत्व चिकटवणारा आला. जिना मात्र तोच राहिला.

आता बीआरटीएस. 2006च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचं सूत्र होतं की रस्ता गाड्यांसाठी नाही, माणसांसाठी. शहर नूतनीकरणाच्या केंद्रीय योजनेतून बऱ्याच शहरांनी वेगळे बसमार्ग घेतले. इंदूरमध्ये 10 मे 2013 रोजी निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. विजयनगर, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआं अशी शहराची पाठीच्या कण्यासारखी रेघ. रस्त्याच्या मधोमध थांबे, थांब्यावर जायला उतार, उंच फलाट, आयबस नावाच्या वातानुकूलित बस आणि पुढच्या थांब्याची घोषणा. फलाटावरून बसमध्ये पाऊल सरळ पडायचं.

ते इतकं महत्त्वाचं का, हे बसच्या तळाच्या उंचीवरून कळतं. केंद्राच्या शहरी बसविषयक निकषांत तीन उंच्या आहेत: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 400ची लो-फ्लोअर बस महाग पडते आणि खड्ड्यांत घासते, म्हणून शहरं टाळतात. 900 म्हणजे साधारण चार विती. एवढं चढायला दारात पायऱ्या लागतात आणि पायऱ्या आल्या की व्हीलचेअर बाहेर राहते. फलाटच बसइतका उंच केला की महाग बस न घेताही चढउतार सपाट होतो. हा खरा ‘सस्ता’. आणि तो फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी नव्हता. माझ्या मावशीचे दोन्ही गुडघे गेले होते. तिला लोकमान्य नगरहून पलासियाला जायचं तर ती रिक्षाने नवलख्यापर्यंत यायची आणि पुढे आयबस. साडी न उचलता बसमध्ये जाता येतं, हे तिचं कौतुकाचं वाक्य होतं. तिने ‘सर्वांसाठीची रचना’ हे शब्द आयुष्यात ऐकले नाहीत.

दोष होते, ते लपवण्यात अर्थ नाही. मधल्या थांब्यावर पोचायला वाहत्या रहदारीची अर्धी बाजू ओलांडावी लागायची. दिसत नसलेल्या माणसाला ते जीवावरचं काम. ड्रायव्हरने बस जरा लांब लावली की फलाट आणि दार यांच्यात पाऊल जाईल एवढी फट पडायची, आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तिथेच अडकतात. पिवळ्या खडबडीत टाइल्सचं तर शहरभर एकच दुखणं. रेघांची टाइल म्हणजे चाला, टिंबांची म्हणजे थांबा, या लिपीची सुरुवात जपानच्या ओकायामात 1967मध्ये रस्त्यावर बसवलेल्या टाइल्सपासून झाली. आपल्याकडे रेघांची ओळ विजेच्या खांबात जाऊन संपते. टाइल बसवणाऱ्याला तिचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो, तो रंग बघून बसवतो.

विरोधकांचे मुद्देही खरे होते. रस्ता बऱ्याच ठिकाणी अरुंद, बसची पट्टी रिकामी दिसते आणि शेजारी मोटारी खोळंबतात, रात्री रेलिंगवर अपघात होतात. दिल्लीचा असाच मार्ग 2016मध्ये काढून टाकला गेला, भोपाळचा जानेवारी 2024पासून. इंदूरचा काढणार, हे नोव्हेंबर 2024मध्ये जाहीर झालं आणि 27 फेब्रुवारी 2025 रोजी उच्च न्यायालयाने परवानगी दिली. लगेच रेलिंग निघायला लागलं, मग काम रेंगाळलं. माझा आक्षेप मार्ग काढण्याला जेवढा आहे त्याहून जास्त तो ज्या हिशेबाने निघाला त्याला आहे. पट्टीची रुंदी मोजली गेली, गाड्यांचा वेग मोजला गेला. सपाट चढउताराची सोय जाते आहे, तिच्या जागी काय, हा प्रश्न कुठल्याही तक्त्याच्या रकान्यात नव्हता. बाराएक वर्षं शहरात उभी असलेली सोय कुणी सोय म्हणून नोंदवलीच नव्हती. जी नोंदवली नाही ती गेल्याचं रडायचं कुणी?

आणि तो नोव्हेंबर महिना बघा. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2016च्या कायद्याखालच्या 2017च्या नियमांतला नियम 15(1) रद्द ठरवला. मूळ याचिका 2005ची, एका अंध नागरिकाची. कायदा सांगतो की सुगम्यतेचे निकष पाळलेच पाहिजेत आणि नियमाने जोडली होती ती वेगवेगळ्या खात्यांची मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांची भाषा बहुतेक ठिकाणी ‘करावं’, ‘केल्यास बरं’ अशी. इमारतीचं, रस्त्याचं, बसचं पुस्तक वेगळं आणि कुठलं बंधनकारक हे कुणालाच सांगता येईना. न्यायालयाने म्हटलं की कायद्याला किमान पातळी हवी होती, नियमांनी फक्त आकांक्षा दिल्या. बंधनकारक किमान निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करा, असा आदेश झाला. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी 2016च्या कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत तोवर, जून 2022मध्ये, उलटून गेली होती. 1995चं ‘क्षमतेच्या मर्यादेत’ आणि 2017चं ‘करावं’ ही एकाच घरातली भावंडं आहेत. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून एबी रोडचा फलाट निघून गेला. बंधनकारक किमान पातळी तेव्हा लागू असती तर मार्ग कदाचित तरीही निघाला असता, पण नव्या थांब्याची आणि बसची उंची आधी ठरवावी लागली असती.

त्या थांब्यांची जागा कशी भरायची याचे प्रस्ताव आहेत, उड्डाणपूल त्यात पुढे. रस्त्याच्या कडेला बस थांबवायची तर एक तर तळ खाली हवा किंवा दारात उघडणारा रॅम्प हवा आणि तो उघडायला सवड देणारा कंडक्टर हवा. मेट्रो 31 मे 2025 रोजी सुरू झाली, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, पाच स्थानकं आणि जवळजवळ सहा किलोमीटर. फलाट आणि डबा तिथे एका पातळीत आहेत. नवलख्याहून तिथे जायचं तर आधी बसच्या पायऱ्या चढाव्या लागतात.